आरव्ही-७ : उजव्या पंखाच्या नोंदी, कुपवाड

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळी संपली आणि पेट्या आल्या. आरव्ही-७ हे सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, स्वतः बांधायचं दोन आसनी विमान; या पेट्या त्याच्या पंखांच्या. न्हावा शेव्याहून माल सांगलीशेजारच्या कुपवाड एमआयडीसीत उतरेपर्यंत मधल्या एका एजंटाने जीव काढला. विमानाचे सुटे भाग सीमाशुल्काच्या यादीत ८८०७ च्या शीर्षकाखाली येतात, हे त्याला मीच सांगायचं. त्याने कागदावर नुसतं 'ॲल्युमिनियम शीट' लिहून ठेवलेलं. ते दुरुस्त होईस्तोवर गोदामाचं भाडं आमच्या बोकांडी. असो.

शेपटाचं काम गेल्या वर्षीच झालंय, त्यामुळे रिव्हेट गनशी ओळख जुनी आहे. आता पंख. आधी उजवा. दोन्ही एकदम करणारे लोक आहेत, त्यात वेळ वाचतो हे खरं, पण आमच्या शेडमध्ये जागा एकाचीच.

पुतणी यादी घेऊन बसली, मी एकेक भाग काढून तिच्यासमोर ठेवत गेलो. प्रत्येक भागाचा फोटो, नंबर, तारीख. अमेरिकेत असं विमान नोंदवताना निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलंय हे दाखवावं लागतं; लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. आपल्याकडे व्हीटीची (भारतीय विमानांची ही आद्याक्षरं) नोंदणी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हातात. फाइल त्यांच्या टेबलावर जाईल तेव्हा 'हे कुणी, कधी, कशाने केलं' याचं उत्तर हातात असलेलं बरं. या नोंदी त्यासाठीच.

१७ नोव्हेंबर

स्पार, म्हणजे पंखाचा लांब कणा, पेटीतून काढला. सोनेरी रंगाचा, ॲनोडाइज केलेला, कारखान्यातच रिव्हेट मारून तयार आलेला. किटमध्ये हा एकच मोठा भाग आपल्याला करावा लागत नाही, आणि तेच योग्य आहे. हवाई कसरतींसाठीच्या कमाल वजनाला, म्हणजे १६०० पौंडांना (७२६ किलो), या विमानाची मर्यादा सहा जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार, आहे. दोन पंखांनी मिळून सव्वाचार टनांच्या वर भार पेलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचं. मोडायची हद्द त्याच्या दीडपट. तो सगळा भार शेवटी या सोनेरी पट्टीतूनच धडात जातो.

शेजारच्या शेडचे तात्या बघायला आले. त्यांचं काम ट्रॉल्या, शटर, सोलरचे सांगाडे. स्पारवरून बोट फिरवलं, रिबा, म्हणजे पंखाच्या पत्र्याच्या बरगड्या, हातात घेऊन वाकवून बघितल्या.

"यातलं निम्मं आपण हितंच केलं असतं की. एवढं पैसं कशाला घातलं?"

"करता आलं असतं तात्या. रिबा तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या वाकवाल. पण पत्रा २०२४-टी३ चाच आहे, हे सांगणारा कागद कुठनं आणायचा?"

"पत्रा पत्र्यासारखा असतोय."

तेच तर दुखणं आहे. २०२४ म्हणजे तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम. टी३ म्हणजे तापवून, थंड करून, थोडं ताणून, मग आपोआप कडक होऊ दिलेलं. साध्या ॲल्युमिनियमच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. वाकवताना हाताला कळतो. पण हाताला कळलेलं फाइलमध्ये लावता येत नाही. कुपवाडात हात आहेत, मशिनं आहेत. धातूच्या मागचा कागद नाही.

पुतणीने संध्याकाळी भिंतीवर खडूने लिहून टाकलं: 'उडणार ते कागदासह. जमिनीवर राहणार ते कुपवाडचं.' वाद मिटला. तात्यांनी लगेच पंख धरायच्या स्टँडचं माप मागितलं.

२६ नोव्हेंबर

रिबांच्या कडा घासणं. प्रत्येक कड, प्रत्येक भोक. कंटाळवाणं काम आहे, पण पत्र्याला तडा जातो तो कडेवरच्या बारीक ओरखड्यातूनच, त्यामुळे इथे सूट नाही.

दाबून काढलेल्या रिबा थोड्या धनुष्य झालेल्या असतात. वळलेल्या कडेवर जास्तीचा धातू गोळा होतो आणि रीब एका बाजूला झुकते. दोन भोकांच्या मधे पक्कडीने छोटी घडी घातली की ती सरळ होते. आमच्याकडे जुनी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (एकदम सपाट लादी) आहे, मिरजेत टूलरूममध्ये होतो तेव्हा भंगारातून उचललेली. रीब त्यावर ठेवायची, चार कोपऱ्यांवर टिचकी मारायची. खडखड आवाज आला तर अजून एक घडी. आवाज बंद, रीब सरळ.

८ डिसेंबर

आज काम कमी, बोलणं जास्त. पण लिहून ठेवण्यासारखं.

मागच्या स्पारच्या मजबुतीच्या पट्टीला लागणाऱ्या लांबीचे १/८ इंची रिव्हेट कमी पडतील असं दिसलं. मी मागवायला टाकले. तात्यांच्या पोराने ऐकलं आणि दुपारी गणपती पेठेतून पाव किलोची पुडी घेऊन हजर. "काका, सेम टू सेम हायत." खरंच सेम होते. लांबी तीच, जाडी तीच, डोकं तसंच गोल.

दोन्ही शेजारी ठेवून त्याला भिंग दिलं. किटमधल्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो. ती २११७ मिश्रधातूची खूण. पेठेतल्या रिव्हेटचं डोकं कोरं. कोरं डोकं म्हणजे शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम. व्हाइसमध्ये दोन्ही धरून सारख्याच हातोडीने ठोकले. पेठेतला दोन टोल्यांत पसरला, खळग्यावाल्याने हाताला झिणझिण्या आणल्या. कातरण्याला दोघांची ताकद साधारण एकास तीन. फ्रीजच्या ट्रॉलीला, पाटीला, पत्र्याच्या डब्याला तो मऊ रिव्हेट उत्तम आहे. त्याच्यात खोट काही नाही. फक्त त्याला पंखात जागा नाही.

पोरगं हुशार. त्याने विचारलं, "मग याच्याहून कडक घालायचा की." कडक असतात. २०२४ चे रिव्हेट तापवून बर्फात ठेवावे लागतात, बाहेर काढले की थोड्या वेळात कडक होतात, मग ठोकले तर फुटतात. २११७ तसाच ठोकता येतो, म्हणून हौशी माणसाला तोच परवडतो.

पुडी परत दिली नाही. सराव-पत्र्यासाठी वेगळ्या डब्यात, डब्यावर लाल पट्टी.

१५ डिसेंबर

प्रायमर. थंडी, कोरडी हवा, यासारखा मुहूर्त नाही. रिबा तारेवर टांगल्या.

२९ डिसेंबर

सांगाडा जोडला. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकाच्या हातात गन, पलीकडे दुसऱ्याच्या हातात जड ठोकळा. गन रिव्हेटच्या डोक्यावर धडधडते आणि त्याची शेपटी ठोकळ्यावर आपटून चपटी होते. १/८ च्या रिव्हेटची शेपटी बसल्यावर ३/१६ रुंद आणि १/१६ जाड हवी, म्हणजे ४.८ आणि १.६ मिलिमीटर. गेज विकत मिळतं, मी टूल स्टीलच्या तुकड्यावर ग्राइंड करून घेतलं. हे उडणार नाही, त्यामुळे कुपवाडचं चालतं.

ठोकळाही इथलाच. ईएन२४ या पोलादाचा तुकडा, कडक करून, ग्राइंड करून, वर पॉलिश. टंगस्टनचे ठोकळे त्याच मापात दुपटीने जड असतात आणि काम निम्म्या धडधडीत होतं, पण त्यांची किंमत ऐकून मी ईएन२४ वर समाधानी आहे. पुतणी नाही. तिचं मनगट आज दुखतंय. अडचणीच्या जागी तरी एक छोटा टंगस्टनचा घेऊ, असं ठरलं.

ड्रिलबद्दल एक, कामाला येईल म्हणून. नकाशावर ४० नंबरचं ड्रिल लिहिलेलं असतं. ते ०.०९८ इंच, म्हणजे २.४९ मिलिमीटर. आपल्याकडचं २.५ त्याच्यापेक्षा केवळ शतांश मिलिमीटरने मोठं. ३० नंबर ३.२६ चं, आपल्याकडे ३.२५ मिळतं. टूलरूमवाल्याला नंबरांच्या ड्रिलची भीती वाटायचं कारण नाही.

१२ जानेवारी २०२५

तात्यांचा स्टँड आला. चौकोनी पाइपचे दोन खांब, जमिनीत अँकर बोल्ट, वर आडवे हात. स्पार त्यावर आडवा बसतो, पंखाची पुढची कड जमिनीकडे आणि मागची कड आभाळाकडे. पत्रा चढवायच्या आधी आता सांगाडा सरळ करायचा.

सरळ म्हणजे दोन गोष्टी. स्पार मधे झुकलेला नको, आणि पंखाला पीळ नको. झोल दोरीने कळतो: टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणायची, मधे ठोकळा सरकवून बघायचा. पीळ जास्त वाईट. पत्रे रिव्हेट झाले की पंख जसा असेल तसा कायमचा होतो. एका पंखात अर्ध्या अंशाचा पीळ राहिला तर विमान जन्मभर एका बाजूला कलत राहतं आणि वैमानिक जन्मभर दांडा दाबून धरतो.

पीळ बघायला ओळंबे. मुख्य स्पारवरून चार ओळंबे सोडायचे, आणि प्रत्येक दोरीपासून मागच्या स्पारपर्यंतचं अंतर मोजायचं. चारही सारखी तर पीळ नाही. पुस्तकात एवढंच दिलंय.

ओळंबा माझ्याकडे एकच होता. आमच्या घराचं काम केलेले गवंडीमामा जवळच राहतात, त्यांच्याकडे मागायला गेलो. नुसते ओळंबे देतील तर मामा कसले. स्वतःच आले. शेडमध्ये शिरताच त्यांनी आधी पंखा बंद केला. मग शटर खाली ओढलं. मग माझा नायलॉनचा दोरा काढून टाकला, "ह्याला पीळ हाय, ओळंबा फिरत राहतंय," आणि खिशातून सुताचा, मेण लावलेला दोरा काढला. चार बादल्या मागवल्या, पाणी भरलं, प्रत्येक ओळंबा पाण्यात सोडला. झुलणं जागच्या जागी थांबलं.

माप मात्र मी घेतलं, स्टीलच्या पट्टीने. मुळाकडून टोकाकडे जाताना तिसऱ्या ओळंब्याला एक मिलिमीटर कमी. मामांनी पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. मागे जाऊन, एक डोळा मिटून, दोऱ्यांच्या ओळीतून पाहिलं. "भाहीरच्या बाजूला खालनं पाचर मारा. कागदाएवढी." तात्यांनी पितळी शीम सरकवली. चारही सारखे झाले.

"ह्यो पंख हाय होय," जाताना मामा म्हणाले. "मला वाटलं गेट."

दोरा ठेवून गेलेत. रोज सकाळी पहिलं काम ओळंबे बघणं, कारण शेडची जमीन ट्रक गेला की हलते.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या शेडांतून तिळगूळ. काम नाही.

१६ फेब्रुवारी

वरचे पत्रे तात्पुरते क्लिकोंनी (भोकात बसणाऱ्या, काढता येणाऱ्या पिनांनी) चढवून, भोकं पक्की करून, परत काढले. मुळाकडचा पत्रा ०.८१ मिलिमीटर, टोकाकडचा ०.६४. एवढ्या पातळ पत्र्यात चपट्या डोक्याच्या रिव्हेटसाठी भोक कोरून खोलगट करता येत नाही, भोकाची कड सुरीसारखी होते. म्हणून डायमध्ये दाबून प्रत्येक भोकाला १०० अंशांची वाटी पाडायची. खाली रिबेलाही तशीच वाटी, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतात. स्पारची कड जाड आहे, तिथे कोरायचं.

शेडमध्ये आजपासून शिसपेन्सिल बंदी. पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, जाडीच्या पाच टक्के. ०.६४ च्या पत्र्यावर तो तीन शतांश मिलिमीटर. आतलं मिश्रण तांब्यामुळे मजबूत पण गंजायला हळवं, वरचा थर त्याला सांभाळतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ॲल्युमिनियमवर राहिलं आणि ओल लागली की तिथेच बॅटरी तयार होते आणि रेघेवरूनच पत्रा खाल्ला जातो. मार्कर चालतो. तात्यांच्या कानावर कायम पेन्सिल असते. ती आता दारात खिळ्याला अडकवून आत येतात.

३० मार्च

पाडवा. गुढी घरी उभारली, दुपारनंतर शेडमध्ये पाहुणे. दादा, वहिनी, त्यांच्या ओळखीचे चार लोक. प्रश्न ठरलेले. कितीला पडलं, कधी उडणार, परवानगी आहे का, आणि "ते गच्चीवर बांधलेलं विमान, तसलंच का?"

तसलं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या गच्चीवर जे सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, ते त्यांचं स्वतःचं डिझाइन. माझं विमान दुसऱ्याने डिझाइन केलेलं, हजारोंनी आधी किट आणलेलं, दोन आसनी. मी त्यात शोध काही लावत नाही. नकाशाप्रमाणे करतो, एवढंच. दादाला हे सांगितलेलं आवडलं नाही. त्याने पाहुण्यांना आधीच वेगळं सांगून ठेवलेलं असावं.

"उडवणार कुठनं?" याला उत्तर अजून नाही. कवलापूरची धावपट्टी आपल्या दारात, पण वर्षानुवर्षं पडून. कऱ्हाडची आहे, १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झालेली. कोल्हापूरला उजळाईवाडी. पंख ट्रकमध्ये घालून कऱ्हाडला न्यायचे म्हणजे पेठ नाक्याहून हायवे. तेव्हाचं तेव्हा.

१३ एप्रिल

इंधनाची टाकी. सगळे जिला घाबरतात ती.

या विमानात पंखाची पुढची, मुळाकडची बाजूच टाकी असते. वेगळा डबा नाही. पत्रा, रिबा आणि मागची भिंत, एवढ्यात २१ अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळपास ८० लिटर पेट्रोल. प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक जोड पॉलिसल्फाइड सीलंटमध्ये बुडवून बसवायचा. एक रिव्हेट कोरडा राहिला तर तो वर्षानुवर्षं निळा डाग सोडत राहतो, कारण ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं.

सीलंट दोन भागांत येतं. पांढरं दहा भाग, काळं एक भाग, आणि हे वजनाने, अंदाजाने नाही. सराफ कट्ट्यावरून दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. दुकानदाराला वाटलं आम्ही सोनं घेतोय.

खरी अडचण ऊन. आमच्या सीलंटला २५ अंशांवर दोन तास काम करता येतं. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की तो वेळ निम्मा होतो. सांगलीत दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३६ सहज होतं. ३६ ला हातात राहतो अर्धा तास. मिश्रण ढवळायला, रिबेच्या कडेला लावायला, रिबा बसवायला, क्लिको लावायला, रिव्हेट मारायला आणि आतून कोपऱ्यांत सीलंटचा काठ ओढून घ्यायला अर्धा तास पुरत नाही. म्हणून पहाटे. चारला शेड उघडायचं, साडेचारला पहिलं मिश्रण. सूर्य वर आला की बंद. एमआयडीसीत पहाटे गन वाजली तरी कुणी ओरडत नाही, हा या जागेचा मोठा गुण.

आधी पत्रा घासून खरबरीत करणं, मग एमईके या सॉल्व्हंटने पुसणं. पुसलेलं कापड पुन्हा पांढरं निघेपर्यंत. बोट लावायचं नाही. एक्झॉस्ट फॅन चालू, मास्क तोंडावर, तरी डोकं जड होतं. मिश्रण थोडं थोडंच: चाळीस ग्रॅम पांढरं, चार ग्रॅम काळं. ढवळलं की काकवीसारखं होतं, तसंच दिसतं आणि तसंच सगळीकडे चिकटतं. पुतणीने कुल्फीच्या काड्यांचं एक टोक गोल घासून ठेवलंय, कोपऱ्यात काठ ओढायला. तिच्या काठाची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते. आता रिबा मी बसवतो, काठ ती ओढते.

शेवटी प्रत्येक रिव्हेटच्या शेपटीवर एक थेंब. घाई इथेच होते, कारण सहा वाजता दूधवाला येतो आणि त्याच्यामागे ऊन.

२० एप्रिल

मागची भिंत बसली. टाकी बंद. त्याआधी आत शेवटचा फोटो, पुतणीच्या मोबाइलने, प्रत्येक खणाचा. यानंतर तिथे कुणाचा डोळा जाणार नाही.

४ मे

गळती चाचणी. टाकीला एक पीएसआयपेक्षा जास्त दाब द्यायचा नाही, पत्रा फुगतो. एवढा कमी दाब साध्या गेजवर वाचता येत नाही. पारदर्शक पाइप यू आकारात, त्यात रंगीत पाणी: एक पीएसआय म्हणजे ७० सेंटिमीटर पाणी. गवंड्याची पाणनळीच, फक्त एक तोंड टाकीला जोडलेलं. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा, ६० सेंटिमीटरवर थांबलो. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर. बुडबुडा नाही. पट्टीवर खूण करून दिवसभर ठेवलं.

सकाळी नऊला ६०. अकराला ७० च्या वर. हवा आपण भरली नाही, तरी पातळी चढली. टाकी तापली, आतली हवा फुगली. हिशेब सोपा: एका अंशाला जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर. तात्यांना वाटलं पाइप बिघडला. थोडी हवा सोडली.

दुपारनंतर पंखा लावून, टाकीवर ओली पोती टाकून तापमान स्थिर केलं. तरी चारच्या सुमारास पातळी दोन-तीन सेंटिमीटर वरच. हे मला हवामानाच्या पुस्तकात मिळालं. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आसपास चढतो आणि दुपारी चारला उतरतो, फरक तीन-चार मिलिबार, म्हणजे तेवढेच सेंटिमीटर पाणी. बाहेरचा दाब उतरला की पाइपमधलं पाणी चढतं. ज्याची टाकी गळतीय तो चार वाजता खूश होईल, आणि ज्याची चांगली आहे तो सकाळी दहाला घाबरून सगळं उकलायला घेईल.

म्हणून उद्या पहाटे पुन्हा भरणार आणि परवा पहाटे त्याच वेळेला, त्याच तापमानाला वाचणार. मधल्या वाचनांना अर्थ नाही.

६ मे

पातळी तीच. थर्मामीटरसुद्धा तोच आकडा दाखवतोय. टाकी घट्ट. पुतणीने पेढे मागितले, साताऱ्याचे कंदी. सांगलीत बसून साताऱ्याचे पेढे खायचे म्हणजे माणसाने टाकी तरी बनवलेली हवी.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज संध्याकाळी वाटीभर पाणी निघतंय. गनच्या आधी आणखी एक पाणी-सापळा लावला. उघड्या पत्र्यांवर प्लास्टिक टाकत नाही, आत घाम धरतो. जुन्या चादरी टाकल्यात.

१३ जुलै

वरचा पत्रा कायमचा. पुतणी आत, सांगाड्याच्या मागून हात घालून, ठोकळा धरून. मी बाहेर गनवर. आम्हा दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, कानांवर मफ. म्हणून बोली ठरवलेली: ती पत्र्यावर एक टकटक करते तेव्हा मारायचं, दोन टकटक म्हणजे चांगला, तीन म्हणजे अजून थोडा. बोलायचं काही नाही.

पत्र्याच्या मधून सुरुवात, कडेकडे जायचं. कडेने सुरुवात केली तर जास्तीचा पत्रा मधे गोळा होऊन फुगा राहतो, आणि तो फुगा उन्हात पॉलिश केलेल्या पंखावर लांबून दिसतो. गनचा दाब पस्तीस-चाळीस पीएसआय. रिव्हेटच्या डोक्यावर टेप लावतो, नाहीतर गनचं तोंड घसरलं की पत्र्यावर चंद्रकोर उमटते.

दुपारी दादा आला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "पोरीला इंजिनिअरिंगला घातलंय, आणि तू तिला पंखामागे कोंबलंयस." ती आतून ओरडली, "बाबा, कॉलेजात मशिनला हात लावू देत नाहीत!" मी गन चालू केली.

२० ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढलाय, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चढतंय. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हापासून नदीकडचे लोक चाळीसची वाट बघत बसत नाहीत. तात्यांचं घर कर्नाळ रोडला. काल रात्री त्यांनी ट्रॉली भरून सामान आणलं. कुपवाड उंचावर आहे, इथे पाणी येत नाही. कपाट, टीव्ही, गॅसच्या शेगड्या, धान्याची पोती, देव्हारा, सगळं आमच्या शेडमध्ये. पंख स्टँडवर, खाली पोती रचलेली. तात्यांच्या घरच्या वहिनींनी पंखाच्या टोकाला ओले टॉवेल वाळत घातले होते. तात्या एकदम धावले. "अगं ते उडणार हाय!" टॉवेल स्टँडच्या खांबावर गेले. खांब कुपवाडचा, तो चालतो.

काम बंद. प्रायमरच्या डब्यांजवळ कुणी विडी ओढू नये म्हणून पुतणी पाळतीवर.

२४ ऑगस्ट

पाणी उतरतंय. तात्यांनी सामान हलवायला अजून दोन दिवस मागितले. गणपतीच्या आत घर धुऊन व्हायला हवं.

१४ सप्टेंबर

खालचा पत्रा. पंख बंद होण्याची ही शेवटची पायरी, म्हणून याच्या आधी आत बघायला बाहेरचा माणूस बोलावला. निवृत्त एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, पुण्याचे. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी प्रत्येक खण बघितला. कंट्रोलच्या दांड्याला रिबेच्या भोकात सगळीकडे जागा आहे का, दिव्याच्या वायरी कडेला घासतात का, बोल्टच्या नटबाहेर आटे दिसतात का. दोन ठिकाणी वायरीला जास्तीचा क्लॅम्प सांगितला. मग आमची वही मागितली, आणि पंखापेक्षा जास्त वेळ वहीसोबत बसले. टाकीच्या चाचणीच्या पानावर थांबले. "चार वाजताचं लिहिलंय तुम्ही. बरं केलं." तारीख घालून सही केली.

मुळाकडचा पत्रा आज रिव्हेट झाला. खाली हात शिरत नाही, म्हणून पत्रा मागे वाकवून धरायचा आणि एकेक ओळ मारत सोडत जायचा. तात्या पत्रा धरून, पुतणी खांद्यापर्यंत आत, छोटा टंगस्टनचा ठोकळा घेऊन. टोकाकडचा पत्रा क्लिकोंवरच ठेवलाय. क्लॅम्प मागवलेत, ते बसल्याशिवाय तो बंद होणार नाही.

२१ सप्टेंबर

क्लॅम्प बसले, फोटो काढले, टोकाकडचा पत्रा बंद केला. उजवा पंख स्टँडवरून उतरवून भिंतीच्या पाळण्यात ठेवला, चार माणसांनी; वजनाला हलका, पण धरायला कुठे काही नाही. एलेरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, वेगळ्या टेबलावर होतील, त्यांची नोंद वेगळी.

स्टँड रिकामा झालाय. खांबांचे अँकर तात्यांनी पुन्हा आवळले, कारण पावसात जमीन थोडी बसली असणार. डाव्याचा स्पार मंगळवारी चढवायचा. गवंडीमामांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले येतो, पण बादल्या आधी धुऊन ठेवा, मागच्या वेळी एकीत प्रायमर होतं.